अस्सलबरहुकूम

जमिनीचे व्यवहार आणि त्यांवरचे वाद मावळाला नवे नाहीत, म्हणून ‘नक्कल’ हा शब्द इथे घरोघरी ठाऊक आहे. कामशेतचा शेतकरी वडगावच्या कचेरीतून जुन्या कागदाची नक्कल काढतो, तेव्हा खाली शेरा असतो : अस्सलबरहुकूम खरी नक्कल. रोजच्या वापरातले शब्द म्हणून त्यांच्याशी कुणी थांबत नाही, पण त्यांत एक धीट विधान आहे. नक्कल असूनही एखादी गोष्ट खरी असू शकते, असं तो कागद सांगतो. बोलण्यात मात्र आपण उलट वागतो. ‘नकली’ म्हटलं की नाक मुरडतो, ‘अस्सल’ म्हटलं की मान डोलावतो. मग खरेपणा राहतो कुठे? मूळ द्रव्यात, घराण्यात, हुबेहूबपणात, की आणखी कशात? आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी आणि नाट्यशास्त्राच्या टीकाकारांनी हा प्रश्न हजार-तेराशे वर्षांपूर्वी बारकाईने तपासला होता. आज तोच प्रश्न इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींपुढे एका छोट्या डब्याच्या रूपात आला आहे, आणि माझ्या लेखी तो तितकाच गंभीर आहे.

हा डबा म्हणजे अॅम्प मॉडेलर. इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती फारशी ऐकू येत नाही. पिकअप तिच्या कंपनातून क्षीण विद्युतसंकेत तयार करतो, तो अॅम्पमधल्या व्हॉल्व्हमधून जाताना वाढतो, वाढता वाढता चेपला जातो, फाटतो, आणि बारा इंची स्पीकरच्या कागदी पडद्यातून बाहेर येतो. रॉकचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो तो या फाटण्याचा आवाज आहे. अडचण अशी की शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प मनासारखा फाटतो तो पुरता उघडल्यावर, आणि तेव्हा तो खोलीतच काय, आळीतही सोसवत नाही. त्याचं ओझं दोन माणसांचं, किंमत आवाक्याबाहेरची, आणि मावळातला चार महिन्यांचा पाऊस कुठल्याही नाजूक यंत्राची परीक्षा पाहणारा. या अडचणीवर उपाय म्हणून १९९५ साली रोलंडचा व्हीजी-८ आला, १९९८ साली लाइन ६ कंपनीचा राजम्याच्या दाण्यासारखा लाल ‘पॉड’ आला. पुढे केंपर कंपनीने खऱ्या अॅम्पमधून चाचणीचे संकेत पाठवून त्याचा स्वभाव टिपून घेण्याची पद्धत आणली. आता तर न्यूरल नेटवर्कला अॅम्प ‘ऐकवून’ शिकवतात. तरीही एक तक्रार या सगळ्यांना पुरून उरली आहे : आवाज बरोबर आहे, पण खरा वाटत नाही. या वाक्यातल्या ‘खरा’ शब्दाचा अर्थ लागला, तर तो आवाज कसा मिळवायचा हेही कळेल, असं माझं म्हणणं आहे.

नकलेचा एक फार जुना आणि भव्य दाखला कामशेतच्या शेजारच्या डोंगरांतच आहे. भाज्याचा चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. आत जाऊन खांबांकडे पाहिलं तर ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत याला कारण होतं : कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवतो. इथे छप्पर म्हणजे अखंड डोंगर, तो कुणाला रेटत नाही. तरी खांब कललेले. वर मान केली की दगडी छताला खऱ्याखुऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात, आणि त्यांच्यावर कसलाच भार नाही. नंतरच्या कार्ल्याच्या चैत्यात खांब ताठ झाले, कारण तोवर पाथरवटाला दगडाची खात्री पटली असावी. पण लाकडी कमानी तिथेही आहेत, स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच आहे. कित्येक शतकांनी वेरूळच्या दहाव्या लेण्यात त्याच कमानी दगडात कोरल्या गेल्या, आणि लोकांनी त्या लेण्याला सुताराचं झोपडं असं नाव दिलं.

आता मॉडेलरचा मेनू उघडावा. त्यात बहुधा ‘सॅग’ नावाची एक खुंटी सापडते. जुन्या अॅम्पमध्ये तार जोरात छेडली की वीजपुरवठ्यावर ताण येऊन दाब क्षणभर खाली बसायचा, सूर किंचित दबून मग फुलायचा. वादकांना तो दबून फुलणारा सूर इतका आवडला की ती खोड न राहता चव झाली. डब्यात असा ताण येण्याचं काहीच कारण नाही, तरी तो हिशेब करून मुद्दाम घातलेला असतो. सॅगची खुंटी म्हणजे भाज्याची लाकडी कमान : भार नसताना भाराची खूण. यात फसवणूक आहे का? कार्ल्याच्या शिलालेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपल्या दानाचं वर्णन करतो ते जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह असं. शैलगृह म्हणजे दगडाचं घर. लाकडाचं सोंग वठवून कुणाला चकवायचा हेतू असता तर दात्याने दगडाचा अभिमान दाराशी कोरून ठेवला नसता. त्या कमानी कुणाला फसवण्यासाठी नव्हत्या. स्तूपाभोवती फिरणाऱ्याच्या पावलांना आणि नजरेला जी वास्तू सवयीची होती, तिची ओळख नव्या द्रव्यातही टिकावी, यासाठी त्या होत्या असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, लेण्यांचं मूळ निदान खरं लाकूड होतं, तसं मूळ तरी गिटारच्या आवाजाला आहेच ना, आणि डबा त्याच्यापासून दूर आहे. पण ते मूळ शोधायला निघालं की पायाखालची जमीन सरकते. मार्शलचा पहिला अॅम्प, जेटीएम-४५, लंडनमध्ये १९६२ साली तयार झाला तो फेंडरच्या बासमन या अमेरिकी अॅम्पचा आराखडा समोर ठेवून. बासमन मुळात बास गिटारसाठी होता. फरक पडला तो हाताशी असलेल्या मालामुळे : व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर सेलेस्टियनचे आणि बंद पेटीत बसवलेले. म्हणजे ज्या ‘अस्सल मार्शल’ टोनची शपथ घेतली जाते तो स्वतःच नकलेचा मुलगा आहे. त्याच वर्षी, १९६२ साली, मॅस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं तेव्हा जाहिरात अशी होती की यातून गिटार ट्रंपेटसारखी, चेलोसारखी वाजेल. १९६५ साली गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ते वापरलं तेही पितळी वाद्यांची जागा तात्पुरती भरून ठेवायला. ती वाद्यं कधी आलीच नाहीत, आणि पितळी वाद्याची फसलेली नक्कल गिटारचा अस्सल आवाज म्हणून जगभर गेली. किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली स्पीकरचा पडदा पात्याने चिरून आवाज मिळवला होता. कचेरीच्या कपाटात कुलपात ठेवलेली अस्सल प्रत असते, तशी प्रत या आवाजाची कुठेच नाही.

इथे नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याचे गुरू भट्टतौत यांचा युक्तिवाद आठवतो. नवव्या शतकातल्या श्रीशंकुकाने रस म्हणजे नटाने केलेलं अनुकरण असा सिद्धांत मांडला होता. चित्रातला घोडा पाहताना आपण ‘हा घोडाच आहे’ असं समजत नाही, ‘हा घोडा नाही’ असंही नाही, शंकाही घेत नाही, नुसतं ‘घोड्यासारखं’ही म्हणत नाही. नटातला राम तसा. भट्टतौतांनी यावर साधा प्रश्न विचारला : अनुकरण म्हणायचं तर मूळ पाहिलेलं हवं, आणि राम तर नटानेही पाहिलेला नाही, प्रेक्षकानेही नाही. मग हे कशाचं अनुकरण? हा प्रश्न मला मॉडेलरच्या बाबतीत अगदी चपखल वाटतो. कामशेतमध्ये, पुण्यात किंवा दादरमध्ये गिटार शिकणाऱ्या बहुतेकांनी पुरता उघडलेला मार्शल समोर उभं राहून ऐकलेलाच नसतो. त्यांनी ऐकलेली असते रेकॉर्ड. स्पीकरला चिकटवलेला मायक्रोफोन (तो पडद्याच्या मध्यापासून एक इंच सरकला तरी आवाज बदलतो), मग मिक्सिंग, मग कानातले हेडफोन. डबा नक्कल करतो ती या रेकॉर्डची. त्यांच्यापुरता राम अदृश्यच आहे. अभिनवगुप्ताने पुढे जाऊन निकाल दिला की नाट्य हे अनुकरण नव्हेच, तो प्रेक्षकाच्या ठायी नव्याने घडणारा अनुभव आहे. मला हा निकाल मान्य आहे, आणि डब्यालाही लागू वाटतो.

पण हुबेहूबपणा खरेपणाची कसोटी नसेल, द्रव्यही नसेल, तर कसोटी कोणती? यासाठी देवळात जावं लागेल. बऱ्याच देवळांत आता आरतीसाठी विजेवर चालणारं यंत्र असतं. मोटर फिरते, तिला जोडलेले दांडे नगाऱ्यावर आणि घंटेवर आपटतात. द्रव्य पाहिलं तर इथे सगळं अस्सल आहे. नगारा खरा, घंटा खरी, आघात खरा, हवेत उठणारी लाट खरी. तरी उभं राहून आरती म्हणणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. म्हणणारे श्वासाला थांबले तरी यंत्र थांबत नाही. शेवटच्या कडव्याला माणसांची लय चढते, त्याची चढत नाही. आरती संपते आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत ते आपटतच राहतं. याच्या शेजारी इंद्रायणीकाठच्या कुठल्याही भजनी मंडळाचा पखवाजी बसवून पाहावा. त्याची नजर म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे असते. चाल उचलली की त्याची बोटं उचलतात, आवाज हळवा झाला की थाप मऊ होते. यंत्र सगळं खरं असून खोटं वाटतं, कारण ते कुणाचं ऐकत नाही. खरेपणा म्हणजे करणाऱ्याच्या हाताला वाद्याकडून मिळणारं उत्तर. डब्यात व्हॉल्व्ह आहे की नाही यापेक्षा हाताने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो वेगळं उत्तर देतो की नाही, एवढंच तपासायला हवं.

ही कसोटी लावली की ‘खोटा वाटतो’ या तक्रारीची कारणं एकेक करून उलगडतात, आणि त्यातली बरीच डब्याच्या बाहेरची निघतात. पहिलं कारण गेन, म्हणजे संकेत किती वाढवून फाडायचा ते प्रमाण. कंपनीने भरून दिलेल्या प्रीसेटमध्ये गेन सहसा भरमसाट असतो, कारण दुकानात दोन मिनिटांत तोच लक्ष वेधतो. पण गेन जितका जास्त तितका सूर चेपला जातो, हळू छेडलं काय आणि जोरात छेडलं काय, सारखंच येतं. म्हणजे आपणच डब्याला देवळातलं यंत्र करून टाकतो. जुन्या रेकॉर्डवरचे जे आवाज आपल्याला फार फाटलेले वाटतात ते बहुतेक वेळा कल्पनेपेक्षा कमी गेनवर वाजवलेले असतात. दुसरं कारण कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊ देत नाही, ती त्याची मर्यादाच त्याची माया आहे. कॅबिनेटचा ठसा, म्हणजे ती पेटी आवाज कसा बदलते याची डब्यातली नक्कल, न लावता थेट जोडणी केली तर डबक्यावरच्या गांधीलमाशीसारखी भुणभुण येते, आणि ठसा लावूनही वरचा चरचरीतपणा आणि शंभर हर्ट्झखालचा गदगदाट छाटावा लागतो. तिसरं कारण आपला कान. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. रात्री घरच्यांची झोप सांभाळत, हळू आवाजात जो टोन भरदार बांधला तो मंचावर मोठा केला की खालून घुमतो आणि वरून टोचतो, यात डब्याचा काही दोष नाही. उशिराने उत्तर मिळण्याची तक्रारही तपासून घ्यावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे अॅम्पपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला आवाज नऊ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि चांगल्या डब्याचा उशीर सहसा त्याहून कमी असतो. कॉम्प्युटरवर चुकीच्या मांडणीने हा उशीर वाढला की मात्र बोटांना तो लगेच कळतो. नेमकं काय बिघडलं हे सांगता आलं नाही तरी वाजवणारा म्हणतो, ‘जिवंत वाटत नाही’, आणि तो बरोबर म्हणतो.

सर्वांत वजनदार आक्षेप हवेचा आहे, आणि तो मी मोठ्या अंशी मान्य करतो. व्हॉल्व्ह अॅम्पसमोर उभं राहिलं की आवाज छातीला, पायाखालच्या फरशीला आणि मुख्य म्हणजे गिटारच्या तारांना लागतो. तार स्पीकर हलवते, स्पीकर हवा हलवतो, हवा पुन्हा तार हलवते, आणि सूर विझायचा तो उभा राहतो. हेडफोनमध्ये हे वर्तुळ तुटतं. मिरजेच्या तानपुऱ्याने हे फार आधीपासून शिकवलेलं आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच काळात घरोघरी रियाझ मात्र इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर किंवा मोबाइलवर चालतो, आणि तो वाया जातो असं कुणी जाणता गायक म्हणणार नाही. कुणी इथे माझ्यावरच उलटेल : इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर कुणाचंच ऐकत नाही, मग तो कसा चालतो? कारण तानपुऱ्याचं पहिलं काम अढळ राहण्याचं आहे, बदलणं गायकाचं. पण खऱ्या तानपुऱ्याला दुसरंही काम असतं. षड्ज नेमका लागला की जवारी काढलेल्या तारा न छेडता झंकारतात, गायकाला आपण बरोबर असल्याची पावती मिळते. ती पावती इलेक्ट्रॉनिक तानपुरा देत नाही, म्हणून मैफलीत मागे दोन तानपुरे हवेतच. गिटारवाल्याने यातून एवढंच घ्यावं की डब्याचा आवाज शक्य असेल तेव्हा खोलीतल्या एका बऱ्या स्पीकरमधून काढावा, गिटार त्याच्या समोर धरून. आवाज बेताचा असला तरी वर्तुळ काही अंशी जुळतं. द्रव्याची बाजू इथे जिंकते खरी, पण जिंकते ती द्रव्य उत्तर देतं म्हणून. माझी कसोटी तिथेही बदलत नाही.

दुसऱ्याच्या अॅम्पचा स्वभाव टिपून घेणं ही चोरी नव्हे का, असाही एक आक्षेप आहे. मार्शलने फेंडरचं घेतलं तसं हेही, एवढं म्हणून मी सुटणार नाही. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. डब्यांच्या मेनूत याच्या उलट चालतं : ट्रेडमार्कच्या भीतीने मूळ नावं लपवून टोपणनावं दिलेली असतात. वाजवणाऱ्याने निदान आपल्यापुरतं ते मूळ नाव माहीत करून घ्यावं. आपण वाजवतो तो आवाज कुणाच्या कारागिरीतून आला, हे माहीत असणं हे त्या कारागिराचं देणं आहे.

आणि शेवटी, ‘काम झालं की खरं’ असं एकदा म्हटलं की कुठलीही लबाडी खपेल, हा जुनाच आक्षेप. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने जे कार्य करू शकतं ते सत् असं म्हणताना याला एक देखणं उत्तर देऊन ठेवलं आहे. अंधारात दोन माणसांना दुरून उजेड दिसतो. दोघांनाही तो मणीच वाटतो. एक ज्या उजेडाकडे धावतो ती मण्याची प्रभा असते, दुसरा ज्याकडे धावतो ती दिव्याची. प्रभेला मणी समजणं ही दोघांचीही चूक, पण पहिल्याच्या हाती मणी लागतो, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. चुकांतही फरक असतो, आणि तो धावल्यावर कळतो. डब्यातला आवाज हा व्हॉल्व्ह अॅम्प आहे असं समजणं चूकच आहे. पण ज्या मुलीने तो कमी गेनवर, बोटांच्या दाबाला उत्तर देईल असा बांधला, तिच्या हाती संगीत लागतं. ज्याने दोनशे प्रीसेट चाळत संध्याकाळ घालवली त्याच्या हाती दिवाही लागत नाही. उजेड दोघांनाही एकाच डब्यातून दिसला होता.

तेव्हा नवा डबा किंवा नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी, जवळ आहे त्यावरच एक गोष्ट करून पाहा. एकच अॅम्प निवडा, एकच कॅबिनेट. रिव्हर्ब, डिले सगळं बंद करा. गेन आत्ता आहे त्याच्या निम्म्यावर आणा. मग गिटारवरची व्हॉल्यूमची खुंटी दहावरून पाचवर फिरवा आणि तीच लकेर आधी हलक्या हाताने, मग जोर लावून वाजवा. आवाज स्वच्छ झाला, आणि हात जड होताच पुन्हा फाटला, तर डबा तुमचं ऐकतो आहे. झाला नाही, तर आधी इनपुटची पातळी तपासा.